शिक्षकांच्या पाठीशी उभं राहायचं ते कसं? सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांचे प्रश्न

मागे पडलेल्या शाळांमधल्या शिक्षकांना नेमकी कशी मदत करावी, यावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत, नावं-गावं गाळली आहेत. बऱ्याच पत्रांत 'आणखी प्रशिक्षण द्या' असा सूर होता. आमचं मत आधीच सांगून टाकतो. प्रशिक्षणाचे दिवस कितीही वाढवले, तरी शिक्षक परत आपल्या वर्गात गेल्यावर तिथे कुणी डोकावत नसेल तर फारसं काही बदलत नाही. वर्गात नियमित येऊन बसणारा आणि एका वेळी एकच गोष्ट शिक्षकाबरोबर पक्की करून घेणारा माणूस लागतो. पुढची बहुतेक उत्तरं याच धाग्याची आहेत.

प्रश्न : आमची पहिली ते सातवीची जिल्हा परिषद शाळा. माझ्यासह पाच शिक्षक. मुख्याध्यापकपदाबरोबर चौथीचा वर्गही माझ्याकडेच. इतरांचे पाठ बघायला वेळ कुठून काढू? शिवाय मी वर्गात गेले की बाई-गुरुजी अवघडतात, मुलं गप्प होतात. (मुख्याध्यापिका, दक्षिण सोलापूर तालुका)

वेळ आठवड्याला चाळीस मिनिटांचाच लागतो, वीस-वीस मिनिटांच्या दोन भेटी. पूर्ण तासिका बसायची गरज नाही. तेवढा वेळ तुमची चौथी आणि शेजारची तिसरी व्हरांड्यात जोडीवाचनाला बसवा. चौथीचं एक मूल, तिसरीचं एक मूल, दोघांत एक पुस्तक, आणि दोन्ही वर्गांवर तिसरीच्या शिक्षकांचं लक्ष. हे वेळापत्रकात लिहून भिंतीवर लावा. 'जमेल तेव्हा जाऊ' म्हटलं की पहिल्याच आठवड्यात कुठली तरी ऑनलाइन माहिती भरायची निघते आणि भेट राहते.

चारही शिक्षकांना सारख्या भेटी वाटू नका. दीड महिना फक्त दोघांकडे जा, म्हणजे प्रत्येकाला आठवड्याला एक भेट मिळेल. पुढचा दीड महिना उरलेल्या दोघांचा. तिसरीच्या शिक्षकांची पाळी आली की जोडीवाचन पाचवीबरोबर लावा. महिन्यातून एकदा गेलात तर मागच्या वेळी काय ठरलं होतं ते दोघांच्याही लक्षात राहत नाही, आणि प्रत्येक भेट पहिली भेट ठरते.

अवघडलेपण येतं ते हातातल्या तपासणी तक्त्यामुळे. तक्ता नेऊ नका, साधी वही न्या. पानावर वर्गाचा आराखडा काढा, कोण कुठे बसलंय ते चौकोन काढून दाखवा. एखादं मूल स्वतःहून किंवा विचारल्यावर एकट्याने बोललं की त्याच्या चौकोनात एक रेघ मारा. वीस मिनिटांनंतर पान बोलू लागतं. पुढच्या दोन ओळींत रेघा दाटलेल्या असतात, खिडकीकडची रांग कोरी असते. त्या पानावर मत कुठेच नसतं, त्यामुळे शिक्षक ते शांतपणे बघू शकतात आणि बहुतेक वेळा कोरी रांग तेच आधी दाखवतात.

बोलणं त्याच दिवशी करा, शाळा सुटल्यावर दहा-पंधरा मिनिटं. आधी पान त्यांच्या हातात द्या. मग एकच गोष्ट ठरवा. सगळ्यात जास्त वर्गांत कामाला येते अशी एक गोष्ट सांगतो. शिक्षक विचारतात, 'समजलं का?' आणि वर्ग सुरात 'होऽऽ' म्हणतो. त्या 'हो'मधून कुणाला समजलं ते कळत नाही. त्याऐवजी प्रश्न विचारायचा, मनात तीनपर्यंत मोजायचं, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि 'वर' म्हटल्यावर पाट्या उंच करायच्या. एका नजरेत तीस उत्तरं दिसतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधलं बोलणं मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली.

ठरवलेली गोष्ट रिकाम्या वर्गात फळ्यासमोर उभं राहून एकदा करून बघा. शिक्षक शिकवतील, तुम्ही विद्यार्थी व्हा. मग भूमिका बदला. हा भाग सगळ्यांना संकोचाचा वाटतो म्हणून गाळला जातो, आणि तिथेच काम फसतं. 'प्रश्नानंतर थांबा' हे ऐकायला सोपं आहे, पण वर्षानुवर्षांची सवय नुसत्या ऐकण्याने मोडत नाही. पुढच्या भेटीत फक्त तेवढंच बघायचं.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. मुलांसमोर दुरुस्ती सांगू नका. पाठ चालू असताना खडू हातात घेऊ नका. ग्रुपवर टाकायला फोटो काढू नका. एका बैठकीत पाच-सहा सूचना देऊ नका. आणि ती वही शिक्षकांकडेच राहू द्या. त्यातलं एक वाक्य जरी गोपनीय अहवालात गेलं, तर पुढच्या भेटीत तुम्हाला बसवलेला, पाठ केलेला पाठच बघायला मिळेल.

प्रश्न : आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला होते, पण सूचना वाचण्यात आणि आढावा घेण्यातच दुपार जाते. शिक्षकांच्या पदरात काही पडेल असं काय करावं? (केंद्रप्रमुख, मोहोळ तालुका)

सूचना एका पानात बसवून आदल्या दिवशी पाठवा आणि परिषदेत त्यांना वीस मिनिटांवर वेळ देऊ नका. उरलेला वेळ वह्यांना द्या. प्रत्येक शिक्षकाने एकाच इयत्तेच्या, एकाच घटकाच्या पाच वह्या आणायच्या. दोन बऱ्या चाललेल्या मुलांच्या, तीन अडलेल्यांच्या. 'छान वह्या आणा' म्हटलंत तर झाकलेलंच समोर येईल, म्हणून अडलेल्या तीनचा आग्रह धरा.

समजा घटक आहे तिसरीची हातच्याची वजाबाकी. ५२ वजा २७. वह्यांत ३५ हे उत्तर बऱ्याचदा दिसेल. चार-चार शिक्षकांच्या गटांनी आधी इतकंच शोधायचं की मुलाने ३५ आणलं कसं. ते मूल बेफिकीर नाही. त्याने एकक स्थानी २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ काढले, आणि दशक स्थानी ५ मधून २. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम ते इमानाने पाळतंय. अशा मुलाला त्याच पद्धतीची आणखी वीस उदाहरणं दिली, तर चुकीचा नियमच घोटला जातो. दुसऱ्या एखाद्या वहीत ४५ दिसेल. तिथे हातचा घेऊन एककाचे ५ बरोबर आणले, दशकाच्या ५ चे ४ही केले, पण त्यातून २७ मधले दोन दशक वजा करायचे बहुधा राहिले. अशा वेळी अंदाज करत बसू नका, मुलाला शेजारी बसवून मोठ्याने बोलत गणित करायला सांगा.

मग उपाय हातात घेऊन करून बघायचा. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडा, दहा-दहाला रबर लावा. तीन मुलांच्या एका गटाला शंभर हीर आणि दहा रबर पुरतात. चिंचोके सुटे मोजायला चांगले, पण त्यांचा गठ्ठा बांधता-सोडता येत नाही, म्हणून इथे नकोत. पाच गठ्ठे आणि दोन सुटे मांडायचे. सात द्यायचेत, सुटे दोनच आहेत. एक गठ्ठा मुलानेच सोडायचा. आता गठ्ठे चार, सुटे बारा. सात सुटे दिले, पाच उरले. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. उत्तर २५.

चुकतं ते बहुधा दोन ठिकाणी. काड्या शिक्षकांच्याच हातात राहतात, मुलं नुसती बघतात. किंवा आज काड्या आणि चार दिवसांनी वहीतलं गणित असं होतं. गठ्ठा सोडला त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि २ चे १२ लिहायचे. काडी आणि आकडा एकत्र चालले नाहीत, तर मुलाच्या लेखी ती दोन वेगळी कामं होतात.

शेवटची पंधरा मिनिटं प्रत्येकाने आपल्या वर्गात कोणत्या वारी हे करणार ते लिहून द्यायचं. पुढच्या परिषदेत त्याच मुलांच्या त्याच वह्या परत आणायच्या. वेळापूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या अधिव्याख्यात्यांना बोलवायचं तर भाषणाला न बोलवता या वह्या बघायच्या तासाला बोलवा.

प्रश्न : मी शिक्षणसेवक आहे. सीमेजवळच्या मराठी माध्यमाच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी शिकवतो. मुलांच्या घरात कन्नडच आहे. बाराखडी तोंडपाठ होते, पण साधा शब्द वाचता येत नाही. (अक्कलकोट तालुका)

आधी एक पडताळणी करा. बाराखडीतली अक्षरं क्रम मोडून, चिठ्ठ्यांवर दाखवा. सुरात म्हणणारी बरीच मुलं इथे थांबतील. त्यांना सूर पाठ आहे, अक्षर नाही. तेव्हा सगळी मुळाक्षरं संपवून मग शब्द, हा क्रम सोडा. म, क, न, ल, ब, र एवढी सहा अक्षरं आणि काना घ्या. एवढ्यात काम, कान, नाक, मका, बाक, लाल, काका, मामा, बाबा हे शब्द होतात. दोन-तीन आठवडे याच शब्दांशी खेळा, मग पुढचा गट आणि एक नवी मात्रा.

पण त्याआधी सहा ते आठ आठवडे बोलण्याचे. मुलाला 'नाक' हा शब्दच ठाऊक नसेल तर तो वाचून त्याच्या हाती काय येणार? चित्र दाखवा, मुलं कन्नडमध्ये बोलू द्या, तेच तुम्ही मराठीत परत म्हणा. 'मराठीत बोल' असा दम दिलात की मूल दोन्ही भाषांत गप्प होतं. तुम्हीही चाळीस-पन्नास कन्नड शब्द शिका. बा, नोडु, हेळु, ओदु, म्हणजे ये, बघ, सांग, वाच, इथून सुरुवात करा. गावातल्या अंगणवाडी ताई आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी यांच्याइतके चांगले शिक्षक तुम्हाला यासाठी मिळणार नाहीत.

काही चुका भाषेमुळे होणारच. त्या आधी माहीत असल्या की मुलांवर राग येत नाही. कन्नड शब्दांच्या शेवटी सहसा स्वर असतो, म्हणून मूल 'नाक'मधल्या क चा पूर्ण उच्चार करतं. 'भात' आणि 'बात' त्याला सारखेच ऐकू येऊ शकतात. 'चमचा'मधला च आणि 'चिमणी'मधला च यांतला फरक त्याच्या घरच्या भाषेत नाही. निर्जीव वस्तूंना कन्नडमध्ये स्त्री-पुरुष असा भेद नाही, म्हणून 'माझा वाटी' होतं. यावर सोपा मार्ग म्हणजे नवा शब्द कधी एकटा शिकवू नका. तो वाडगा, ती वाटी, ते ताट. रोज जेवणाच्या पंगतीत हे सहज होतं. 'मी काम केलो' ही तर अख्ख्या सोलापूरची बोली आहे. पहिलीत ती दुरुस्त करत बसू नका. मूल बोलतंय, हे जास्त महत्त्वाचं.

आकड्यांकडेही लक्ष द्या. कन्नडमध्ये आधी दशक, मग एकक बोलतात. इप्पत्तेळु, म्हणजे वीस आणि सात. मराठी 'सत्तावीस'मध्ये सात आधी येतो, आणि मूल ७२ लिहितं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या मुलांचंही तेच, कारण 'इरवै एडु'चा क्रमही दशक-एकक असाच आहे. सुरुवातीला 'वीस आणि सात, सत्तावीस' असं दोन्ही म्हणा. काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या समोर असू द्या.

दोन इयत्ता एकत्र असल्याने तुमची दमछाक होते, ते स्वाभाविक आहे. वाचनाच्या वेळी पहिली-दुसरी अशी विभागणी विसरा. अक्षरावर अडलेली, शब्दावर आलेली, वाक्य वाचणारी असे तीन गट करा. वीस मिनिटं एका गटाशी तुम्ही बसा. त्या वेळी बाकीच्या दोन गटांना जे काम द्याल ते त्यांना आधीपासून येत असलेलं हवं. नवं काम दिलंत की दर मिनिटाला 'सर, सर' अशी हाक येईल आणि तुमचा गट मोडेल.

प्रश्न : आमच्या अनुदानित माध्यमिक शाळेत यंत्रमाग आणि विडी कामगारांची मुलं येतात. सातवी-आठवीतल्या बऱ्याच जणांना धड वाचता येत नाही. शिक्षक म्हणतात, हे खालच्या वर्गांत व्हायला हवं होतं. (पर्यवेक्षक, सोलापूर शहर)

शिक्षकांचं म्हणणं खरं आहे, आणि त्याला आणखी एक बाजू आहे. बी.एड.मध्ये इतिहास कसा शिकवावा, विज्ञान कसं शिकवावं हे असतं. अक्षरओळख कशी करून द्यावी हे बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नाही. त्यांच्या नकारामागे बऱ्याचदा ही अडचण असते. शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या, पहिली-दुसरी चांगली हाताळणाऱ्या एखाद्या बाईंना बोलवा. त्यांनी तुमच्याच सातवीच्या पाच-सहा मुलांबरोबर अर्धा तास काम करायचं आणि तुमच्या शिक्षकांनी बाजूला बसून बघायचं.

त्याआधी मुलं कुठे आहेत ते बघा. तिसरीच्या पातळीचा उतारा, एक मिनिट, एकेकट्याने, दाराबाहेर. मित्रांसमोर कधीच नको. निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अचूक वाचता यावेत असं लक्ष्य आहे. त्याच्या खूप खाली असलेल्या मुलांसाठी रोज पहिला पाऊण तास, किमान आठ-दहा आठवडे, वेगळे गट चालवा. खेळाची तासिका यासाठी काढून घेऊ नका. गटांना 'कच्चा', 'अप्रगत' असली नावं चिकटवू नका. आणि पुस्तकं बालवाडीची नकोत. तेरा वर्षांच्या मुलाला ससा-कासवाची गोष्ट हातात दिली की तो पुस्तक मिटून ठेवतो. बसची पाटी, सामन्याची बातमी, मोबाईल रिचार्जची जाहिरात यांतले शब्द घ्या.

विषयशिक्षकांकडून एवढंच मागा : धड्यातला आठ-दहा ओळींचा एक उतारा निवडायचा, त्यातले तीन अवघड शब्द आधी फळ्यावर उलगडायचे, स्वतः एकदा वाचून दाखवायचा, मग मुलांनी जोडीत दोनदा वाचायचा. यात त्यांचा विषय बाजूला पडत नाही.

प्रश्न : ऊसतोडीला गेलेली मुलं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. शिक्षकही वैतागतात. (शिक्षिका, करमाळा तालुका)

जाण्याआधीची तयारी जास्त उपयोगाची. दिवाळीच्या सुमारास घरोघरी विचारून कोण जाणार ते लिहून घ्या, आजी-आजोबांकडे राहू शकणारी मुलं हंगामी वसतिगृहाच्या यादीत घाला, आणि जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड हातात द्या, म्हणजे कारखान्याच्या परिसरातली शाळा त्यांना बसवून घेईल. परतल्यावर पहिला आठवडा चालू धडा लादू नका. मूल गेलं तेव्हा वाचनात आणि गणितात कुठे होतं, त्याची एक ओळ तुम्ही आधीच नोंदवलेली असेल, तर तिथूनच उचलता येतं. शिक्षण हक्क कायदा वयानुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण, दोन्ही देतो. नुसतं वर्गात बसवणं म्हणजे अर्धंच काम.

प्रश्न : आमच्याकडे नवीन शिक्षक टिकत नाहीत. आले की बदलीच्या मागे लागतात. शाळा व्यवस्थापन समिती म्हणून आम्ही काय करू शकतो? (समिती अध्यक्ष, मंगळवेढा तालुका)

नवीन शिक्षक आला की त्याच्याकडे सर्वांत मोठा पट असलेला वर्ग जातो आणि 'तुम्हाला कॉम्प्युटर येतो' म्हणून सगळी ऑनलाइन माहिती भरण्याचं कामही जातं. अशा सुरुवातीने चांगला माणूसही खचतो. पहिल्या तीन महिन्यांत नोंदी भरण्याचं काम त्याच्याकडे नको, असं मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा. आठवड्यातून एकदा जुन्या शिक्षकाच्या वर्गात बसून बघायला अर्धा तास मिळावा. गावात राहायला बरी खोली मिळवून देणं तर पूर्णपणे तुमच्या हातात आहे, विशेषतः शिक्षिका असतील तर.

समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं कायद्याने ठरलेलं काम आहे. त्या आराखड्यात खोली-कंपाउंडबरोबर दोन ओळी शिक्षकांसाठी घाला : आठवड्याला किती मिनिटं एकमेकांचे वर्ग बघण्यासाठी राखलेली आहेत, आणि त्यासाठी गावातून कोण मदत करेल. दहावी-बारावी झालेली, वाचून दाखवू शकणारी दोन-चार मुलं-मुली गावात असतातच. शिक्षक वर्गातच असतील आणि ही मुलं लहानांच्या गटाशी वाचत बसतील, तेव्हा शिक्षकाला शेजारच्या वर्गात वीस मिनिटं डोकावता येतं.

आणखी एक वही ठेवा. शिक्षक वर्गाबाहेर गेले तो प्रत्येक दिवस आणि त्याचं कारण : प्रशिक्षण, बैठक, निवडणूक काम, रजा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामं सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामांना शिक्षक लावता येत नाहीत. महिनाअखेरीस या वहीची प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. तक्रारीचा कागद म्हणून नको, बेरीज म्हणून द्या : इतके शालेय दिवस, त्यांपैकी इतके दिवस एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळत होता. प्रत्येक रकान्यापुढे शिक्षकांची सहीही घ्या. वही त्यांच्यावर नजर ठेवायला नाही, त्यांचा वर्गातला वेळ वाचवायला आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा आणि वही त्यांच्यासमोरच भरा.